वच्छीचा डगला

यवतमाळ, क्षयाचा वॉर्ड
१२ डिसेंबर १९५६

ती. विमलताईंना कोकिळाचा नमस्कार. वाकून करायचा तो पडल्या पडल्या करते आहे, गोड मानून घ्या.

तुमचं पत्र मिळालं आणि त्याखाली दिगूनं खरडलेल्या चार ओळीही. "संक्रांतीले आत्या आमाले उकंडाच्या नावेत पलीकडच्या जत्रेले नेनार हाय. पलीकडं आता दुसरं राज्य झालं. मले दुसरं राज्य पाह्याचं हाय." वाचून माझ्या पोटात गोळाच उठला. नऊ वर्षांचं पोर राज्य पाहायला निघालं आणि आईला साधं विचारलंही नाही!

ताई, मृगाच्या तोंडी मला रक्त पडलं, तेव्हा तुमचे भाऊ राजूरची खाण सांभाळणार की दोन लेकरं, हे कोणी विचारायच्या आत तुम्ही बैलबंडी जुंपून दारात उभ्या राहिलात. मी माझी दोन्ही लेकरं तुमच्या पदरात टाकली आणि इथे येऊन पडले. इथे लेकरांना आत येऊ देत नाहीत. सहा महिने झाले, मी वच्छीला पाहिलेलं नाही. त्यामुळे आता हे करा, ते करू नका असं सांगायला मला काय तोंड? तरी सांगतेच, कारण तोंड शाबूत आहे.

खरं म्हणजे "नेऊ नका" असंच लिहायला बसले होते. वच्छी पाच वर्षांची, पाणी दिसलं की हात घातल्याशिवाय राहत नाही. पण मग वाटलं, माय दवाखान्यात, बाप खाणीत. लेकरांना एक जत्राही मिळू नये का? तेव्हा न्या. पण तिला मांडीवर घेऊन बसा. दिगूला काठाशी बसू देऊ नका. आणि दोघांना हसत न्या, हसत आणा. वच्छीला रडवू नका ताई. ती रडली की मला इथे ऐकू येतं.

आता एक काम. माझ्या शेजारच्या खाटेवर आर्णीच्या गौहरबी आहेत. त्यांचे मालक मुख्तारमियां शिलाईचं दुकान चालवतात. गौहरबी मला पडल्या पडल्या हातशिलाई शिकवतात. नावेत गार वारा लागेल, म्हणून वच्छीला रुई भरलेला डगला शिवायचं मी घेतलं आहे. माप मात्र पाहिजे. आर्णीत परद्यातल्या बाया शिंप्याकडे जात नाहीत, गाठी मारलेला धागा पाठवतात. तसाच तुम्ही पाठवा. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत छाती, तिथून दुसरीपर्यंत बाही, तिथून शेवटपर्यंत उंची. अंगाला लावूनच घ्या, अंदाजानं नको.

तुमची
कोकिळा


पिंपळघाट
२१ डिसेंबर १९५६

कोकिळा, आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा.

डॉक्टरांनी तुला पोटात गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत, गोळे उठवायला नाही. अगं, पौषात पैनगंगा असते केवढी? वरच्या अंगाला तर बकऱ्या चालत पलीकडे जातात. फक्त आमच्या घाटापुढचा डोह खोल आहे आणि नाव तेवढ्यावरूनच जाते. उकंडा भोई बापजाद्यापासून नाव चालवतो. नाव झरीच्या जंगलातल्या सागवानाची. लेकरं नावेत चढली की तो त्यांच्या कमरेला वाळलेले भोपळे बांधतो. पडलं तरी लेकरू बुचासारखं वर. आणि मी काय झोपा काढायला बसणार आहे नावेत?

धागा पाठवते आहे. हा घेताना काय तमाशा झाला तो ऐक. वच्छी एक पळ उभी राहील तर शपथ. धागा छातीला लावला की खिदळायची. "आत्या, गुदगुल्या होऊन राह्यल्या ना वो!" शेवटी दिगूनं तिचे खांदे धरले, तेव्हा कुठे माप झालं. पोस्टात हरवला तर पुन्हा हा तमाशा नको, म्हणून तेवढ्याच मापाचा दुसरा धागा करून खुंटीला लटकवून ठेवला आहे. बघ, आत्या किती शहाणी.

तुझी लेक काल मला विचारते, "आत्या, मायले काहून नाही नेत आपन?" म्हटलं, माय बरी झाली की नेऊ. त्यावर ती आत पळाली. मग माझी कुंकवाची रिकामी डबी घेऊन आली. म्हणे, "मंग यात थोडंसं राज्य भरून आनू मायसाठी." दुसऱ्या राज्याची चिमूटभर माती तुला येणार आहे. जपून ठेव, तिकडच्या पोलिसांनी पाहिली तर परत मागतील.

काळजी करू नकोस. हसत नेते, हसत आणते. शब्द दिला.

विमल


यवतमाळ
५ जानेवारी १९५७

ती. विमलताई,

हे पत्र आणि डगला तुमचे भाऊ घेऊन येत आहेत. डगला आधी हुंगू नका, तीन दिवस नर्सबाईंनी तो उन्हात टाकायला लावला होता, तरी औषधाचा वास गेला नसेल.

रुई मुख्तारमियांनी आर्णीहून पिंजून आणली. वर लाल छिटाचं कापड. गौहरबी म्हणाल्या, "अरी, बस कर, इतनी रुई में तो बच्ची गोल लड्डू दिखेगी." मी म्हटलं दिसू द्या. मला तिला कुशीत घेता येत नाही, तर डगल्यानं तरी घ्यावं. टाके वाकडे आले आहेत, हसू नका. पाठीवर मानेखाली एक नाडी मुद्दाम शिवली आहे. नावेत ती धरून ठेवा. वच्छीला पाण्यात हात घालायचाच असेल तर घालू द्या, तेवढं तिचं मन मोडू नका. पण नाडी हातात ठेवा.

बरोबर तिळाचे लाडू न्या. दिगूला पलीकडे गेल्यावर एक शिट्टी घेऊन द्या, नावेत नको, नाहीतर उकंडा वैतागेल.

काल रात्री मला स्वप्न पडलं की मीही नावेत बसले आहे आणि खोकला नाही. डॉक्टर म्हणतात, वजन दोन पौंडांनी वाढलं.

जत्रेहून आल्या आल्या पत्र टाका. मी वाट पाहीन.

तुमची
कोकिळा


पिंपळघाट
२९ जानेवारी १९५७

चि. कोकिळास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. घरात पाहुणे होते, कापसाची वेचणी होती, त्यात राहून गेलं. राग मानू नकोस.

संक्रांतीला जाऊन आलो. ऊन छान पडलं होतं. डगला वच्छीला नेमका बसला, सगळ्या बाया कोणी शिवला म्हणून विचारत होत्या. ती फार खूश होती. पाण्यात हात घालून बसली होती, हसत होती. पलीकडे जत्रा भरली होती. पाळणा होता, रेवड्या होत्या. दिगूनं शिट्टी घेतली. संध्याकाळी परत आलो. सगळं ठीक झालं.

कबूल केल्याप्रमाणे डबी पाठवते आहे. वच्छीनं तुझ्यासाठी भरलेली माती आहे.

दिगूला थोडा ताप होता म्हणून त्यानं लिहिलं नाही. आमच्या सदाशिवला इथल्या कामासाठी थांबवून घेतलं होतं, म्हणून तो संक्रांतीनंतर तुझ्याकडे आला नाही. तू औषध वेळेवर घे. दूध टाकू नकोस. सुया चुकवू नकोस. तुला बरं व्हायचं आहे.

विमल


पिंपळघाट
१० फेब्रुवारी १९५७

सदाशिवा,

तुझं पत्र पोचलं. राजूरला गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही म्हणतोस. इथे तरी कोणाला आहे? पण तू उकंडावर फिर्याद करणार म्हणून लिहितोस, ते करू नकोस. लोक सांगतात त्यानं वच्छीला धरलं होतं, मग ती सुटली कशी, असं तू विचारतोस. सांगते. हे मी घरात तुझ्या दाजींना, पुंडलिकरावांनाही सांगितलेलं नाही.

सकाळी घाटावर उकंडानं दिगूच्या कमरेला भोपळा बांधला. वच्छीचा काही केल्या बसेना, डगल्यावरून घसरायचा. उकंडा म्हणाला, "बाई, डगला काढा घडीभर. भोपळा बांधून देतो, मंग वरून पांघरवा." मी बंद सोडायला गेले तर तिनं भोकाड पसरलं. "मायनं शिवला हाय, मी नाही काढत!" कोकिळानं लिहिलं होतं, रडवू नका. मी म्हटलं, राहू दे उकंडा, नाडी माझ्या हातात आहे.

आणि होतीच रे. डोहाच्या मध्यापर्यंत होती. तिथे आपल्याकडे, जे लेकरू पहिल्यांदा नदी ओलांडतं त्याच्या नावानं नदीची ओटी भरतात. ओटी भरायला दोन्ही हात लागतात. मी नाडी सोडली. वच्छी तिळगूळ टाकायला वाकली, आणि नावेतल्या सगळ्या बाया हात जोडायला त्याच अंगाला सरकल्या. उकंडा ओरडला, "जागेवर बसा वो बायांनो!" तोवर नाव कलली. सात-आठ जणं पाण्यात गेली, त्यात आपली दोन्ही लेकरं.

दिगू भोपळ्यावर वर आला. वच्छीही वर होती. डगला फुगला होता आणि ती त्यावर तरंगत होती, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होती. उकंडा तिच्याकडे वळला तर मीच ओरडले, "ती वर हाय, आधी त्या बुडणाऱ्या बाईले काढ!" मीच ओरडले. त्यानं बाईला काढलं आणि वळला, तोवर रुई पाणी प्यायली होती. वच्छी खाली जायला लागली. त्यानं नाडी पकडून ओढली. नाडी तुटून त्याच्या मुठीत राहिली. तो पुन्हा पुन्हा बुडी मारत होता, शेवटी त्यालाच लोकांनी ओढून काढलं.

तू आलास तेव्हा तिच्या अंगावर डगला नव्हता. लोकांनी डोहातून तिला वर काढलं, तेव्हा मीच तो काढला होता. एवढ्याशा लेकराचा डगला, मला एकटीला उचलेना. तो मी डोहात सोडला आणि नाडी चुलीत घातली.

आता उकंडाचा काय दोष ते सांग. दोष द्यायचा तर मला दे.

डॉक्टर म्हणतात ना, कोकिळाला धक्का बसला तर परत रक्त पडेल? मग ती सावरेपर्यंत वच्छी गेली हे सांगायचं नाही. मी पत्रं लिहीत राहीन. सावरल्यावर सांगू. पण डगल्याचं मात्र कधीच नाही. ती बरी झाली, म्हातारी झाली, नातवंडं मांडीवर खेळली तरी नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

विमल


यवतमाळ
१८ मार्च १९५७

ती. विमलताई,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की गौहरबी म्हणाल्या, कागद झिजेल. डबी उशाशी ठेवली आहे. रात्री उघडून वास घेते. पलीकडच्या मातीलाही आपल्या मातीसारखाच वास येतो हो!

पण एक तक्रार आहे. पत्रात वच्छी बोलत का नाही? आधी तुमच्या पत्रात ती दर दोन ओळींनी तोंड खुपसायची. आता नुसती "खूश आहे", "ठीक आहे". आणि दिगूनं तर लिहिणंच सोडलं. नावेत शिट्टी नको म्हणाले म्हणून रुसला का? त्याला सांगा, माय आल्यावर वाजव म्हणावं, सगळं गाव उठव.

वच्छी मला विसरली का ताई? खरं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. पाच वर्षांच्या लेकराला नऊ महिने म्हणजे किती झाले. विसरली असेल तर त्यात तिचा काय दोष.

तुमचे भाऊ येतात. पूर्वी तासभर बडबड करायचे. आता येतात, संत्री सोलून देतात, साली गोळा करून खिशात घालतात आणि जातात. माझ्याकडे पाहत नाहीत. मी इतकी का वाईट दिसते? आरशात तर गाल भरलेले दिसतात.

पाडव्याला वच्छीला झगा शिवायचा आहे. नवीन धागा पाठवा. वाढली असेल आता.

तुमची
कोकिळा


पिंपळघाट
२५ मार्च १९५७

चि. कोकिळास आशीर्वाद.

वेडी आहेस का तू? वच्छी तुला विसरणं शक्य नाही. शेवटपर्यंत तिच्या तोंडी मायच होती. म्हणजे झोपेपर्यंत म्हणते मी, रात्री झोपेपर्यंत.

बोलत नाही म्हणतेस तर ऐक. तिचा खालचा दात हलतो आहे. दिवसभर जिभेनं हलवत बसते. परवा बकरीनं तिची भाकर खाल्ली म्हणून बकरीशी कट्टी केली. चिंचा खाऊन दात आंबवून घेते आणि मग जेवत नाही. दिगूची परीक्षा आहे, म्हणून तो लिहीत नाही, रुसलेला नाही.

धागा सोबत आहे.

सदाशिवचं मनावर घेऊ नकोस. खाणीत कामाचा ताण आहे. पुरुषांना दुखलं तर ते बोलत नाहीत, साली गोळा करतात. तू बरी हो. बाकी काही मनात आणू नकोस.

विमल


यवतमाळ
१२ नोव्हेंबर १९५७

ती. विमलताई,

तुम्ही दसऱ्याला पाठवलेला धागा मिळाला. आता माझ्याजवळ तुमचे तीन धागे आहेत. एक डगल्याचा, एक पाडव्याच्या झग्याचा, एक हा. तिन्ही शेजारी शेजारी चादरीवर ठेवले. गाठीला गाठ लागते, टोकाला टोक. छाती तेवढीच, बाही तेवढीच, उंची तेवढीच.

ताई, जिवंत लेकरू इतके महिने एका मापाचं राहत नाही.

मी गौहरबींना दाखवले. त्यांनी धागे हातात घेतले, परत ठेवले आणि माझं डोकं आपल्या छातीशी धरलं.

खरं सांगू? पाडव्याचा धागा आला तेव्हाच मला कळलं होतं. तुमच्या भावाची पाठ पाहून कळलं होतं. पण मी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं, आणि मग ती खरोखर गेली असती. तुमच्या पत्रांत ती चिंचा खात होती, बकरीशी भांडत होती. एवढी एकच जागा उरली होती जिथे ती होती. ती मी कशी मोडू? म्हणून मी वेड पांघरून धागे मागत राहिले. वाटायचं, या खेपेला खोटा का होईना, बोटभर लांब धागा येईल. एकदा तरी तिला वाढवायचं होतं ताई.

झगा शिवला होता, तो गौहरबींच्या पेटीत आहे. मी आता रडते, पण रक्त पडत नाही. डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत घरी सोडू. तेव्हा आता लपवायचं कारण नाही.

नावेतच झालं ना? दुसरं काही असतं तर तुम्ही आजार म्हणून लिहिलं असतं.

मला सगळं सांगू नका. दोनच गोष्टी विचारते. ती हसत होती का? आणि डगला तिच्या अंगात होता का? पौषातलं पाणी फार गार असतं. रात्री मला तेच आठवतं, पाणी किती गार असेल. माझा डगला तिच्या अंगात होता एवढं कळलं तरी मी झोपेन.

कोकिळा


पिंपळघाट
२० नोव्हेंबर १९५७

कोकिळा, माझ्या लेकी,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. तरी देते, कारण दुसरं काही माझ्याजवळ नाही.

हो. संक्रांतीच्या दिवशी. डोहाच्या मध्ये ओटी भरताना नाव कलली. आम्ही पलीकडे पोचलोच नाही. जत्रा, पाळणा, शिट्टी, सगळं मी बसून रचलं. लिहिता लिहिता वाटायचं, आपण खरंच गेलो होतो. दात, चिंचा, बकरी, हे सगळं शेजारच्या घरातल्या पोरीचं. ते उसनं घेता आलं. पण माप घ्यायची वेळ आली तेव्हा त्या पोरीला मी समोर उभी केली, धागा हातात घेतला, आणि तिच्या अंगाला लावायला हात धजेना. वच्छीचं माप दुसऱ्या लेकराच्या अंगावरून घ्यायचं? खुंटीवर तो पहिला धागा लटकत होता. दोन्ही वेळा त्याच्यावरूनच गाठी मारल्या. धागा वाढवावा हे मला सुचलं नाही गं. सुचलं असतं तर वाढवला असता.

डबीतली माती पलीकडची नाही. घाटावर वडाखाली तिला ठेवलं, तिथली आहे. ज्या दिवशी भरली, त्या दिवशी वाटलं, मायच्या उशाशी जाऊ दे पोर.

उकंडानं जिवाचं रान केलं. त्याला कोणी बोल लावू नये. मी तुला शब्द दिला होता, हसत आणते म्हणून. तो मी मोडला. तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. हसत होती. पाण्यात हात घालून हसत होती आणि म्हणाली, "आत्या, पानी चावते!" नदीत टाकायचा तिळगूळ मुठीत घट्ट धरून बसली होती. म्हणे, "नदीले सांगतो, मायले लवकर धाड म्हनून."

आणि डगला होता. शेवटपर्यंत अंगात होता. तिला गार लागलं नाही.

दिगू नदीकडे पाठ करून बसतो. पाणी आणायलाही घाटावर उतरत नाही. तू ये, म्हणजे तो बोलेल.

विमल


यवतमाळ
९ डिसेंबर १९५७

ती. विमलताई,

तुमचं पत्र मी एकदाच वाचलं. पुन्हा उघडणार नाही, पण फाडणारही नाही.

तुम्हाला मी काय म्हणू? तुम्ही माझं लेकरू वर्षभर माझ्यासाठी जिवंत ठेवलंत. आईनंही एवढं केलं नसतं. परत कधी शब्द मोडला असं लिहू नका. हसत नेलंत, हेच मी मागितलं होतं.

डबी उशाशीच आहे. आता उघडत नाही, नुसता हात ठेवून झोपते.

डगल्याचं वाचून खूप रडले आणि मग बऱ्याच दिवसांनी झोप लागली. गौहरबी सांगत होत्या, मी झोपेत हसले. ताई, मला वाटत होतं मी तिच्यासाठी काहीच केलं नाही, नुसती खाटेवर पडून राहिले. पण शेवटच्या घडीला माझ्या हातचं काहीतरी तिला धरून होतं. आता त्याच आधारावर मला पुढचं काढायचं आहे.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मला सोडतील. तुमचे भाऊ परस्पर तुमच्याकडेच घेऊन येणार आहेत. मी एक ठरवलं आहे, नाही म्हणू नका. दिगूला असं नदीकडे पाठ करून जगू द्यायचं नाही. संक्रांतीला तो, तुम्ही आणि मी, आपण तिघं उकंडाच्या नावेत बसू. वच्छीची राहिलेली ओटी मी माझ्या हातानं भरीन आणि दिगूला पलीकडचं राज्य दाखवून आणीन. नावेत मी त्याच्या जवळच बसेन.

मुख्तारमियांनी आर्णीहून परत रुई आणून दिली आहे. दिगूसाठी डगला होत आला. माझा हात आता चांगला बसला आहे, टाके वाकडे येत नाहीत. पाठीवरची नाडी दुहेरी शिवली आहे आणि रुई या खेपेला जरा जास्तच भरली आहे.

तुमची
कोकिळा